अल्बेनियाचे फादर आणि त्यांची भाषा: एक अभ्यास

अल्बेनिया म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, मदर तेरेसा. त्या अल्बेनियन घरातल्या, जन्म 1910 चा, स्कोप्ये शहरातला. 1928 मध्ये त्यांनी घर सोडलं. पुढे त्यांची आई द्राने आणि बहीण आगा अल्बेनियाची राजधानी तिराना इथे राहायला गेल्या आणि तिथेच अडकल्या. मदरना आत जायची परवानगी मिळेना, आई-बहिणीला बाहेर यायची. आई 1972 मध्ये वारली, बहीण 1973 मध्ये. मदर पहिल्यांदा तिरानाला पोहोचल्या त्या 1989 मध्ये, आणि त्यांना भेटल्या त्या दोन कबरी.

सगळ्या जगात मान असलेल्या एका संन्यासिनीला आपल्या आईचं तोंड पाहू न देणारं हे सरकार कसलं होतं? या प्रश्नापासून मी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता लक्षात आलं, की ही गोष्ट केवळ धर्माच्या छळाची नाही, ती भाषेची आणि वाङ्मयाचीही आहे. म्हणून वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी हाच विषय निवडला.

१. फादर आणि अल्बेनियन भाषा

अल्बेनियात बहुसंख्य लोक मुस्लिम परंपरेतले. दक्षिणेत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बरेच, आणि कॅथोलिक साधारण दहा टक्के, तेही मुख्यतः उत्तरेकडच्या डोंगराळ भागात आणि श्कोडर शहराच्या आसपास. संख्येने इतका लहान समाज, पण भाषेच्या इतिहासात त्याचा वाटा फार मोठा.

अल्बेनियन भाषेतलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक 1555 चं. ते ग्योन बुझुकू नावाच्या एका धर्मगुरूने तयार केलं. ती मिस्सेची प्रार्थनापोथी आहे, 'मेशारी' या नावाने ओळखली जाते. तिची एकच प्रत उरली आहे आणि ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे.

इथे आपल्याला आपले फादर स्टीफन्स आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून जे. एल. सल्डान्हा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं, म्हणून आपण ते वाचू शकतो. परमुलखातला धर्मगुरू मराठीच्या ओवीत पुराण रचतो आणि तिकडे दुसरा धर्मगुरू आपल्या मातृभाषेला पहिलं पुस्तक देतो. दोघांनाही श्रद्धेसाठी लोकांची बोली हवी होती.

अल्बेनियात हे काम विसाव्या शतकापर्यंत चालू राहिलं. 1908 मध्ये मोनास्तिर इथे परिषद भरली आणि अल्बेनियन भाषा रोमन लिपीत लिहायचं ठरलं. त्या परिषदेच्या लिपी समितीचे अध्यक्ष होते ग्येर्ग फिश्ता, एक फ्रान्सिस्कन फादर आणि कवी. त्यांचं महाकाव्य 'लाहुता ए माल्त्सीस', म्हणजे डोंगरी मुलखाची लाहुता. लाहुता हे एका तारेचं वाद्य, आपल्याकडच्या लोकगायकांच्या एकतारीची आठवण करून देणारं, फक्त ते गजाने वाजवतात. तीस सर्ग आणि पंधरा हजारांहून अधिक ओळींचं हे काव्य 1937 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालं. फिश्तांनीच 1913 मध्ये एक मासिकही सुरू केलं होतं. त्याच्या नावाचा अर्थ 'प्रकाशाचा तारा'.

त्यांच्याच परंपरेतले व्हिन्चेन्स प्रेनुशी यांनी 1911 मध्ये लोकगीतांचा संग्रह छापला. बेर्नार्दिन पालाय आणि दोनात कुर्ती हे दोघे फ्रान्सिस्कन डोंगरातल्या गावागावांत फिरले, म्हाताऱ्या गायकांकडून वीरगाथा ऐकून उतरवून घेतल्या. ओव्या, पोवाडे गोळा करत हिंडणारे आपल्याकडचे अभ्यासक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे काम किती कष्टाचं ते कळेल.

२. सत्ता आली आणि शब्द बदलले

नोव्हेंबर 1944 मध्ये एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट पक्षाने देशाचा ताबा घेतला. चारच महिन्यांत, 5 मार्च 1945 रोजी, कवी आणि धर्मगुरू लाझर शांतोया यांना छळ करून गोळी घातली. त्याच महिन्यात नाटककार धर्मगुरू न्द्रे झादेया यांचीही पाळी आली. सुरुवात लेखकांपासून झाली, हे ध्यानात ठेवावं.

छळाची पद्धत मात्र सरळ नव्हती. कोणालाही 'तू धर्मगुरू आहेस म्हणून' असं सांगून मारलं नाही. आधी शब्द बदलले. फादरला 'परक्यांचा हेर' म्हटलं, प्रवचनाला 'प्रचार', आणि पोपशी असलेल्या नात्याला 'देशद्रोह'. महागुरुस्वामींवर दबाव आणला गेला की रोमशी संबंध तोडा आणि सरकारच्या मर्जीतलं 'राष्ट्रीय' चर्च स्थापन करा. प्रेनुशी तेव्हा दुर्रेसचे महागुरुस्वामी होते. त्यांनी नकार दिला. 1947 मध्ये त्यांना अटक झाली, वीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि मार्च 1949 मध्ये ते कैदेतच वारले. लोकगीतं गोळा करणाऱ्या माणसाचा हा शेवट.

4 मार्च 1946 रोजी श्कोडरच्या दफनभूमीजवळ येशूसंघीय फादर फाउस्ती आणि फादर दायानी, फ्रान्सिस्कन फादर श्लाकू आणि त्यांच्याबरोबर मार्क चुनी हा सेमिनरीतला विद्यार्थी, अशा काहीजणांना एकत्र गोळ्या घालण्यात आल्या. खटल्याचं मूळ होतं विद्यार्थ्यांनी काढलेली सरकारविरोधी पत्रकं. त्याच वर्षी नोव्हेंबरात श्कोडरच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शस्त्रसाठा सापडल्याचं जाहीर झालं आणि फ्रान्सिस्कनांची धरपकड झाली. ती शस्त्रं गुप्त पोलिसांनीच तिथे नेऊन ठेवली होती, हे पुढे उघड झालं. पालाय यांना याच काळात पकडलं. तारेने बांधून ठेवल्यामुळे धनुर्वात होऊन ते कोठडीत मेले. त्यांचे जोडीदार दोनात कुर्ती यांच्या वाट्याला दीर्घ तुरुंगवास आला.

मारिया तुची ही तरुण शिक्षिका. 1949 मध्ये तिला अटक झाली, हाल हाल झाले आणि 1950 मध्ये कैद्यांच्या इस्पितळात तिने प्राण सोडला. वय अवघं 22.

३. आरोपांत तथ्य होतं का?

अभ्यास म्हणून लिहायचं तर ही बाजूही पाहिली पाहिजे. इटलीने एप्रिल 1939 मध्ये अल्बेनिया व्यापला. त्याच वर्षी फिश्तांनी इटलीच्या अकादमीचं सदस्यत्व स्वीकारलं. अंतोन हारापी हे विद्वान फ्रान्सिस्कन जर्मन ताब्याच्या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या मंडळात होते. फिश्तांच्या महाकाव्यात शेजारच्या स्लाव्ह लोकांबद्दल कडवटपणा आहे, अशी टीका आजही होते. या गोष्टी लपवून ठेवायचं कारण नाही. त्यांच्यावर वाद व्हावा, टीका व्हावी, हवं तर न्यायालयात नीट खटलाही चालावा.

पण झालं काय? एका माणसाच्या निर्णयाचा हिशेब सगळ्या समाजाकडून घेतला. 1940 मध्ये वारलेल्या फिश्तांवर खटला चालवता येईना, तर त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली. ती बंदी सत्ता कोसळेपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, टिकली. लिपी ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षाची कविता त्याच लिपीत वाचण्याची सोय राहिली नाही. आणि विसाव्या वर्षी पत्रकं वाटणाऱ्या पोरांचा कोणत्या व्यापाऱ्याशी, कोणत्या अकादमीशी संबंध होता? खरा आरोप आणि सोयीचा आरोप यांतला फरक इथे दिसतो. खऱ्या आरोपाला पुरावा लागतो, सोयीच्या आरोपाला फक्त एक शब्द पुरतो, आणि तो शब्द मग कुणालाही चिकटवता येतो.

४. जगातलं पहिलं 'नास्तिक राष्ट्र'

6 फेब्रुवारी 1967 रोजी होजांनी भाषण केलं आणि तरुणांना धर्माविरुद्ध मोहिमेवर उतरवलं. शाळा-कॉलेजातली मुलं पुढे घालून देवळं बंद करायला लावली. मशिदी, ऑर्थोडॉक्स आणि कॅथोलिक चर्चेस, मठ, बेक्ताशी पंथाच्या दर्गेवजा जागा अशी 2,169 धर्मस्थळं बंद झाली, असा आकडा दिला जातो. श्कोडरच्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं. जिथे मिस्सा होत असे तिथे चेंडू उडू लागला. इमाम, ऑर्थोडॉक्स पाद्री आणि बेक्ताशी बाबा यांनाही तुरुंग चुकला नाही. हा घाव एकट्या कॅथोलिकांवर नव्हता, हे सांगितलंच पाहिजे.

मग कायदा आला. 1976 च्या राज्यघटनेच्या 37 व्या कलमात लिहिलं होतं, की राज्य कोणताच धर्म मानत नाही आणि नास्तिक प्रचाराला पाठबळ देतं. 1977 च्या दंडसंहितेने धार्मिक प्रचाराला तीन ते दहा वर्षांची कैद ठेवली, आणि गंभीर प्रसंगी मृत्युदंडसुद्धा. पण मला सगळ्यांत जास्त धक्का बसला तो 1975 च्या आदेशाने. ज्यांची नावं सरकारच्या विचारसरणीत बसत नाहीत त्यांनी ती बदलावीत, असा तो आदेश होता. विचार करा. आपल्यातला आंतोन, मारिया, इब्राहिम, सगळ्यांना उद्या सरकारी कार्यालयात जाऊन नवं नाव घ्यायला सांगितलं तर? आजीने हाक मारायची ती कोणत्या नावाने?

या काळातली एक गोष्ट फादर श्त्येफन कुर्ती यांची. जन्म 1898 चा. एकदा सतरा वर्षांची कैद भोगून ते 1963 मध्ये सुटले होते. पुन्हा पकडले गेले आणि 1971 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, त्यांना गोळी घातली. त्यांनी गुपचूप एका बाळाचा बाप्तिस्मा केला होता, ही बातमी बाहेरच्या जगाला समजायला आणखी दोन वर्षं लागली. बाप्तिस्म्यात काय होतं? थोडं पाणी, आणि एक नाव. नावांची यादी आपल्या हातात ठेवू पाहणाऱ्या सत्तेला नेमकं तेच खपत नव्हतं.

५. पाठांतराचं बळ

पुस्तक जप्त झालं, चर्च गेलं, झगा गेला. मग धर्मगुरूजवळ उरलं काय? जे तोंडपाठ होतं ते.

फादर एर्नेस्ट सिमोनी यांना 1963 च्या नाताळच्या आदल्या रात्री, मिस्सा संपवताना पकडलं. त्यांच्यावरच्या आरोपांत एक असा होता, की अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर त्यांनी त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा केल्या. फाशीची शिक्षा झाली, मग ती कैदेत बदलली. अठरा वर्षं कैद, त्यातली कित्येक स्पाचच्या खाणीत. तिथे ते आठवणीतून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणत, चोरून इतर कैद्यांचे पापनिवेदन ऐकत. 1981 मध्ये सुटले, पण सुटका म्हणजे श्कोडरच्या गटारांची सफाई. सत्ता कोसळेपर्यंत त्यांनी तेच काम केलं. 2014 मध्ये पोप फ्रान्सिस तिरानाला आले तेव्हा या म्हाताऱ्या फादरनी त्यांच्यासमोर आपली हकीकत सांगितली. पोप महोदयांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी त्यांना कार्डिनल करण्यात आलं.

दुसरे फ्रान्सिस्कन फादर झेफ प्लुमी. दोन वेळा मिळून त्यांची पंचवीस वर्षांच्या आसपास कैदेत गेली. बाहेर आल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. पहिला भाग 1995 मध्ये आला. नाव 'र्‍नो वेतम पर मे त्रेग्वे', म्हणजे 'जग, पण फक्त सांगायला'.

या नावापाशी भाषेच्या विद्यार्थ्याने थोडं थांबावं. अल्बेनियनच्या दोन मुख्य बोली आहेत. उत्तरेची गेग आणि दक्षिणेची तोस्क. बुझुकू, फिश्ता, प्रेनुशी, पालाय हे सारे गेगचे. होजा आणि त्यांचे बरेचसे सहकारी दक्षिणेचे. 1972 मध्ये शुद्धलेखन परिषद भरली आणि प्रमाणभाषा मुख्यतः तोस्कवर बेतली गेली. प्रमाणभाषा ठरवणं हा गुन्हा नाही, ते प्रत्येक भाषेला कधी ना कधी करावं लागतं. पण गेगचे मोठे लेखक आधीच बंदीत, तुरुंगात किंवा मातीत होते. तिच्या बाजूने बोलणार कोण? गेगमध्ये 'मे' लावून 'सांगायला', 'लिहायला', 'करायला' अशी रूपं होतात. प्रमाण अल्बेनियनमध्ये तशी रूपं नाहीत. प्लुमींच्या पुस्तकाच्या नावातलं 'मे त्रेग्वे', म्हणजे 'सांगायला', हे तेच गेग रूप. ज्या बोलीला बाजूला सारलं तिच्यातच त्यांनी साक्ष दिली, आणि ती नावापासूनच.

सीमाभागात मराठी शिकवताना मला हे फार जवळचं वाटतं. आमची मुलं घरात जी मराठी बोलतात ती पुस्तकातली नसते. कानडीचा, कोंकणीचा हेल असतो. ती 'अशुद्ध' म्हणून खोडणं सोपं असतं. पण खोडताना आपण काय खोडतो आहोत, याचा एकदा तरी विचार करावा.

६. आपल्या अंगणात

हे वाचून 'नास्तिक सत्ता वाईट, धार्मिक सत्ता चांगली' असा निष्कर्ष काढला तर अभ्यास अर्धाच राहील. स्टीफन्स इंग्लंडचे. एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट राजवटीत कॅथोलिक धर्मगुरू होणं धोक्याचं होतं. त्यांच्याबरोबर रोमला निघालेले मित्र थॉमस पाउंड पकडले गेले आणि सुमारे तीस वर्षं तुरुंगात राहिले. स्टीफन्स निसटले, म्हणून 1579 मध्ये गोव्यात पोहोचले. एक फादर तुरुंगातून वाचला म्हणून मराठीला ख्रिस्तपुराण मिळालं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

आणि त्याच गोव्यात 1684 मध्ये पोर्तुगीज व्हॉइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. हे सरकार कॅथोलिक होतं. त्यात काही धर्मगुरूंचाही पाठिंबा होता. म्हणजे माणसाच्या तोंडातली भाषा आणि मनातली श्रद्धा आपल्या हुकमात असावी, हा हव्यास कुठल्याही झेंड्याखाली येतो. आपल्या बाजूच्या झेंड्याखाली आला तर तो ओळखायला जड जातो, इतकाच फरक.

७. पुढे काय झालं

होजा 1985 मध्ये वारले. नोव्हेंबर 1990 मध्ये श्कोडरच्या दफनभूमीत फादर सिमोन युबानी यांनी उघड मिस्सा केली. ते स्वतः 26 वर्षं कैदेत होते. त्याच महिन्यात, 16 तारखेला, शहरातल्या शिशाच्या मशिदीत हाफिज साब्री कोची यांनी नमाज पढवली. त्यांनीही दोन दशकांहून अधिक काळ तुरुंग पाहिला होता. मशीद उघडली तेव्हा कॅथोलिक शेजारीही आले होते. तुरुंगाने वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना एकाच रांगेत उभं केलं होतं, त्यामुळे सुटकेचा आनंदही वाटून घेतला गेला.

क्रीडागृह झालेलं कॅथेड्रल पुन्हा कॅथेड्रल झालं. 5 नोव्हेंबर 2016 रोजी तिथेच 38 रक्तसाक्षींना 'धन्य' घोषित करण्यात आलं. त्यांत प्रेनुशी आहेत, शांतोया आहेत, पालाय आहेत, म्हातारे कुर्ती आहेत, विद्यार्थी मार्क चुनी आणि मारिया तुचीही आहे. चर्चने त्यांना श्रद्धेसाठी मेलेले म्हणून गौरवलं, ते योग्यच. वाङ्मय मंडळाने त्यांतल्या काहींना आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. त्यांनी डोंगरातली गाणी कागदावर उतरवली नसती तर ती गाणाऱ्यांबरोबरच संपली असती. गाणी उतरवणारे गेले, गाणी राहिली. फिश्ता आता अल्बेनियात पुन्हा वाचले जातात.

चर्चेसाठी काही प्रश्न

1. एखाद्या माणसाला 'देशद्रोही' किंवा 'हेर' म्हटल्याची बातमी वाचली, तर पुरावा कोणता दिला आहे हे आपण कसं तपासाल?

2. फिश्तांचं काव्य उत्तम आहे आणि त्यांचे काही राजकीय निर्णय वादग्रस्त आहेत. अशा लेखकाला अभ्यासक्रमात कसं शिकवावं?

3. तुमच्या घरात आजी-आजोबा वापरतात, पण पुस्तकात सापडत नाहीत, असे दहा शब्द लिहून आणा. प्रार्थनेतले, शेतातले, स्वयंपाकघरातले, कुठलेही चालतील. पुढच्या बैठकीत आपण ते एकत्र वाचू.